मे महिन्याच्या दुपारीही ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्लॉकवर कसं ठेवायचं

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली अप्पांचे यंत्रमाग, वर जिना चढून आलं की माझी खोली. मी टॉवेलवाल्यांना कॅटलॉगची चित्रं करून देते. माल मागावर चढण्याआधीच गिऱ्हाइकाला टेरी टॉवेल डोळ्यांसमोर दिसावा लागतो: घडी कशी पडते, लूपवर उजेड कसा येतो, काठाचं जकार्ड, म्हणजे विणलेली नक्षी, किती उठतं. हे सगळं ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० कार्डावर चालतं. एका टॉवेलात लाखो लूप असतात, त्यामुळे कार्डाला क्षणभरही उसंत नसते.

मागे एका मे महिन्यात ४० डिझाइनचं काम आलं होतं. सकाळी सातला लावलेली फ्रेम, म्हणजे एक चित्र, सहा मिनिटांत निघायची. दुपारी तीनला तीच फाइल, तीच फ्रेम, पण आठ मिनिटं. सकाळी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, १८५० मेगाहर्ट्झच्या आसपास होता, दुपारी १३८० वर आला होता. सगळे सांगतात तसं मी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘प्रेफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ लावलं. काहीही फरक पडला नाही. त्याच आठवड्यात शेजारचा पोरगा वर आला. “अक्का, माझा गेम मध्येच अडखळतोय. क्लॉक एकदम २१० वर पडतोय बघा.” त्याला मी तेच बटण दाबून दिलं आणि त्याचा गेम सुरळीत झाला.

बटण एकच, त्याचं काम झालं आणि माझं झालं नाही. तेव्हा मला कळलं की क्लॉक दोन कारणांनी उतरतो. काही कार्डं आळसावतात, काही दमतात. आळसावलेल्या कार्डाला हुकूम द्यावा लागतो, दमलेल्याला हवा. दमलेल्या कार्डाला हुकूम देत बसलात तर दिवस वाया जातो, म्हणून आधी आपलं कार्ड कुठल्या प्रकारचं आहे ते बघा.

बघायचं कसं? जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातलं ‘सेन्सर्स’ पान उघडा. तिथे ‘परफकॅप रीझन’ अशी एक ओळ आहे. कार्ड आत्ता याहून वेगात का चालत नाही, याचं उत्तर त्या ओळीत येतं. काम चालू ठेवून दहा मिनिटं ती ओळ पाहत राहा. ‘आयडल’ दिसलं तर कार्डाच्या मते त्याला कामच नाही, हा आळस. ‘पॉवर’ म्हणजे वॅटची मर्यादा गाठली. ‘थर्मल’ म्हणजे तापमानाची मर्यादा गाठली. ‘व्हीरेल’ दिसलं तर घाबरू नका. उपलब्ध व्होल्टेजमध्ये जितकं पळता येतं तितकं कार्ड पळतंय, असा त्याचा अर्थ. पूर्ण क्लॉक म्हणतात तो हाच. माझ्याकडे सकाळी व्हीरेल आणि पॉवर आलटूनपालटून यायचं, दुपारी एकसारखं थर्मल. पोराकडे आयडल. निदान तिथेच झालं.

आता आळसाचं औषध. कार्ड रिकामं असलं की ते स्वतःला खालच्या पायरीवर नेतं. माझं कार्ड तेव्हा कोअरला, म्हणजे मुख्य चिपला, २१० आणि मेमरीला ४०५ मेगाहर्ट्झवर येतं. वीज वाचते, पंखे थांबतात, यात वाईट काही नाही. अडचण येते ती अर्धवट कामात: जुना हलका गेम, व्हिडिओची टाइमलाइन पुढेमागे ओढणं, ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवणं. काम येतं आणि लगेच संपतं, कार्ड वर चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, आणि प्रत्येक चढणीला पडदा किंचित अडकतो. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट मोड’ शोधा. मात्र ‘ग्लोबल’ टॅबमध्ये हात घालू नका. शेजारच्या ‘प्रोग्रॅम सेटिंग्ज’मध्ये जा, तुमचा गेम किंवा सॉफ्टवेअर निवडा आणि फक्त त्याच्यापुरतं ‘प्रेफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ लावा. ग्लोबलला लावलंत तर नुसता ईमेल वाचतानाही कार्ड जागं राहतं. सोबत विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘पीसीआय एक्स्प्रेस’खालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून टाका. आळसाच्या बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

एवढ्यावर न भागल्यास थेट क्लॉक बांधून ठेवता येतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबरोबरच एनव्हिडिया-एसएमआय नावाचं साधन येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. साधनाचं नाव लिहा, एक जागा सोडा, आडवी रेघ आणि तिला चिकटून एलजीसी ही तीन अक्षरं लहान इंग्रजी लिपीत लिहा, पुन्हा एक जागा सोडा, मग हवा तो आकडा स्वल्पविरामाने दोनदा, जसं १७५५,१७५५. पहिला आकडा किमान, दुसरा कमाल. दोन्ही सारखे दिले की क्लॉक तिथेच थांबतो. एल म्हणजे लॉक, जी म्हणजे जीपीयू (कार्डाची मुख्य चिप), सी म्हणजे क्लॉक, असं लक्षात ठेवलं की चूक होत नाही. सोडवायचं असेल तेव्हा तीच ओळ, फक्त एलजीसीच्या जागी आरजीसी आणि पुढे आकडा नाही. माझ्या कार्डात क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो, म्हणून मधला आकडा दिला तर ते जवळची पायरी धरतं.

हेच काम एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्येही होतं. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकची वक्ररेषा उघडते. त्यातला एक ठिपका निवडून एल दाबा, मग ‘अप्लाय’. कार्ड त्या ठिपक्यावर खिळून राहतं. पण दोन्हीतली एकच पद्धत वापरा. मी एकदा दोन्ही लावून ठेवल्या, आणि आकडा नेमका कुणामुळे बदलतोय हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

बांधलेल्या क्लॉकबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, तो इथेच काढून टाकते. लॉक ही हमी नव्हे. वॅट किंवा तापमानाची मर्यादा आली की कार्ड तुमचा आकडा बाजूला ठेवतं आणि खाली येतं, आणि ते तसंच हवं. ‘लॉक लावला तरी क्लॉक पडतोय’ असं म्हणत कुणी आलं, तर त्याचं कार्ड दमलंय एवढं मी न बघता सांगते.

दमलेल्या कार्डाचा हिशेब सोपा आहे, फक्त तो सोलापूरच्या हवेत मांडायला हवा. कार्ड किती तापतं हे खोलीच्या हवेवर उभं असतं. खोली २८ अंशांवर असताना कार्ड ७० वर राहत असेल, तर ते हवेपेक्षा ४२ अंशांनी वर आहे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याखालची खोली दुपारी सहज चाळिशी गाठते. म्हणजे तेच कार्ड, तेच काम, आणि तापमान ८२. बऱ्याच जीफोर्स कार्डांत कारखान्यातूनच ८३ अंशांचं लक्ष्य ठेवलेलं असतं. तिथे पोचलं की क्लॉक उतरायला लागतो. किंबहुना त्याच्या बऱ्याच आधीपासून, तापमान चढेल तशी एकेक पायरी सुटत असते, ती आपल्या ध्यानात येत नाही. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये एसी खोलीतले आकडे दाखवतात. ते बघून आपल्या कार्डाला नावं ठेवू नका.

पण उन्हाने क्लॉक फार तर शे-सव्वाशेने उतरला असता. माझा पावणेपाचशेने उतरला होता. कॅबिनेट उघडलं तेव्हा कारण सापडलं.

वरून कार्ड बरं दिसत होतं, पंख्यांच्या पात्यांवर थोडी करडी धूळ, एवढंच. मी बॅटरीचा उजेड पंख्यांच्या फटीतून आत टाकला, तर चिपचा ताप ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्या दिसेनात. पत्र्या आणि पंखा यांच्या मध्ये सुताच्या लवेची एक गादी बसली होती. खाली माग चालतात, सुताची बारीक लव हवेत तरंगत जिन्याने वर येते, पंखा ती ओढतो आणि पत्र्यांच्या तोंडाशी ती अडकते. वर्षभरात तिचा नमदा होतो. मी चिमट्याने एक कोपरा धरून हळूच ओढला, तर ती अखंड निघाली. हाताच्या पंजाएवढी, करडी, मऊ, आणि खालच्या बाजूला पत्र्यांचे सरळ ठसे उमटलेले. अप्पांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “ही आपलीच रुई.” कार्ड वर्षभर पांघरूण घेऊन पळत होतं.

घराखाली माग नसले तरी हे तुम्हाला लागू आहे. अशोक चौक, साखर पेठ, एमआयडीसी, कुठेही असाल तर हवेत लव आहेच, आणि बाकी गावात धूळ आहे. साफ कसं करायचं ते नीट सांगते, कारण इथे मी स्वतः नुकसान करून घेतलंय. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कार्डाची पॉवर केबल सोडवा, स्लॉटची खिटी दाबा, स्क्रू काढून कार्ड बाहेर घ्या. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. मोकळा सोडलात तर तो त्याच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात गरगरतो आणि बेअरिंग जातं. हवा हातातल्या ब्लोअरची घ्या. कारखान्यातल्या कंप्रेसरची नळी अजिबात नको. माग साफ करायला ती उत्तम, पण तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात. मी पहिल्यांदा तीच मारली होती. पत्र्यांवर तेलाचा बारीक हात बसला आणि नंतरची लव त्यावर दुप्पट चिकटली. अडकलेली लव फुंकून आत ढकलू नका, चिमट्याने किंवा मऊ रंगब्रशने बाहेर ओढा.

साफ केल्यावरही ताप उतरला नाही तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली असेल. ओळखायची खूण अशी: जीपीयू-झेडमध्ये माझ्या कार्डाचं साधं तापमान आणि ‘हॉट स्पॉट’, म्हणजे चिपवरची सर्वात तापलेली जागा, असे दोन आकडे दिसतात. चांगल्या दिवसांत त्यांच्यात बारा-पंधरा अंशांचं अंतर असतं. हे अंतर पंचवीसच्या पुढे गेलं की मी पेस्टवर संशय घेते. पेस्ट बदलताना मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे आणा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसवला तर हीटसिंक चिपला टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. वॉरंटी शिल्लक असेल तर त्यातल्या अटी वाचल्याशिवाय उघडू नका.

कूलरबद्दल लोक नेहमी विचारतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरने खोली खरंच उतरते आणि कार्डालाही फायदा होतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर धरू नका. हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, बोअरचं पाणी असेल तर क्षारही येतात, आणि पत्र्यांवर पांढरी पूड बसते. कूलर खिडकीत, कॅबिनेट विरुद्ध कोपऱ्यात, आणि त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा.

आता ज्या एका गोष्टीने माझं काम खरं मार्गी लागलं, ती. कार्डाला कमी व्होल्टेज द्यायचं. कारखाना प्रत्येक कार्डाला थोडं जास्तच व्होल्टेज देतो, कारण त्यातलं कमजोरातलं कमजोर कार्डही चाललं पाहिजे. आपलं कार्ड बहुधा कमी व्होल्टेजवरही तोच क्लॉक पेलतं, आणि व्होल्टेज उतरलं की वॅट आणि ताप दोन्ही भरभर उतरतात. आफ्टरबर्नरमध्ये आधी कोअर क्लॉकचा सरकता काटा उणे दोनशेवर नेऊन अप्लाय करा, म्हणजे पूर्ण रेषा खाली बसते. मग कंट्रोल-एफने रेषा उघडा, ८५० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून हव्या त्या क्लॉकपर्यंत वर ओढा, पुन्हा अप्लाय. त्याच्या पुढचे सगळे ठिपके आपोआप त्याच उंचीवर आडवे होतात. माझं कार्ड रेंडरला, म्हणजे चित्र तयार करताना, १७० वॅटला भिडायचं, ते आता १३० च्या आसपास राहतं. तुमच्या कार्डाला ८५० पेलत नसेल तर ८७५ वर जा. एकाच मॉडेलची दोन कार्डं सारखी नसतात.

आणि क्लॉकचा आकडा कुठला धरायचा? इथे मी अप्पांचं ऐकते. त्यांनी कधीच माग सर्वात जास्त फेऱ्यांवर चालवला नाही. जास्त फेऱ्यांवर तार तुटते, तार जोडायला माग थांबतो, आणि संध्याकाळी कापड कमीच भरतं. त्यांना आवाजावरून कळतं, माग सुखात आहे की ओढाताण होतेय. कार्डाचा आवाज मला तितका कळत नाही, म्हणून मी मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ घेते. तेव्हा जो क्लॉक तासभर न हलता टिकतो, तो माझ्या कार्डाचा पूर्ण क्लॉक. आरटीएक्स ३०६० चा बूस्ट, म्हणजे कंपनीने सांगितलेला वरचा क्लॉक, १७७७ मेगाहर्ट्झ आहे, सकाळी ते १८५० ला जायचं, आणि मी १७५५ वर बांधलंय. सकाळी पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात, दुपारी दीड मिनिट वाचतं. आणि महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकाला वेळ सांगता येते. ४० फ्रेम म्हणजे किती तास, हे आता मला कागदावर मांडता येतं. आधी तेच येत नव्हतं.

तपासणी स्वतःच्या कामावरच करा. चाचणीची सॉफ्टवेअरं पास झाली तरी ब्लेंडर मध्येच बंद पडू शकतं. तासभर रेंडर लावा आणि चित्रात भलते रंगीत ठिपके, काळे चौकोन येतात का बघा. क्षणभर पडदा काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला, तर क्लॉक ३० मेगाहर्ट्झने उतरवा. आठवडाभर निर्वेध चालल्यावरच आफ्टरबर्नरमध्ये ‘अप्लाय ॲट स्टार्टअप’ लावा. एनव्हिडिया-एसएमआयचा लॉक मात्र संगणक बंद झाला की निघून जातो. लाइट गेली, परत आली, लॉक गेला. तो दर वेळी आपोआप लागायला हवा असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये ती ओळ ‘लॉग ऑन’च्या वेळी, ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक करून लावून ठेवा.

रेंडर चालू असताना मेमरीचा क्लॉक डब्यावरच्यापेक्षा थोडा कमी दिसेल. जीफोर्स कार्डं हिशेबाच्या कामात मेमरी मुद्दाम एक पायरी खाली ठेवतात. तो बिघाड नाही, त्याच्यामागे लागू नका.

चोवीस तास बांधून ठेवावं का, तर माझं स्पष्ट मत नाही असंच आहे. माझं कार्ड रिकामं असताना पंधरा वॅट घेतं, बांधलेलं असताना काही न करता चाळीस. पंचवीस वॅटचा फरक दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट होतो. शंभर किंवा तीनशेच्या काठावर तुमचं बिल असेल तर हे १८ युनिट वरच्या स्लॅबच्या दराने पडतात. शिवाय रिकामं असूनही कोमट राहिल्याने पंखे दर दोन मिनिटांनी सुरू होतात आणि थांबतात, पंख्याला त्याचाच त्रास जास्त. बांधायचंच असेल तर पंख्याची किमान गती ३० ते ३५ टक्के करून त्याला सलग फिरू द्या. मी डेस्कटॉपवर दोन चिन्हं ठेवली आहेत, एक बांधायचं, एक सोडायचं. रेंडरआधी पहिलं, झोपताना दुसरं.

यूपीएसचं पाहून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, मागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर जात असतील तर लाइट गेली त्याच क्षणी यूपीएसही बसतो.

एएमडीचं ६००० मालिकेतलं कार्ड असेल तर त्याच्या ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘ट्यूनिंग’, तिथे हाताने बदलायचा पर्याय घेतला की किमान आणि कमाल क्लॉक दोन्ही दिसतात. किमान वर घ्या, कमालच्या शंभरेक मेगाहर्ट्झ खाली ठेवा. लॅपटॉपवाल्यांनी लॉकच्या नादी लागू नये. तिथे वॅट कंपनीने ठरवलेले असतात. चार्जर लावून ठेवणं, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला परफॉर्मन्स मोड आणि मागून दोन बोटं उचललेला लॅपटॉप, एवढंच हातात आहे आणि त्याने बराच फरक पडतो.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. साफ केल्याची तारीख, त्या दिवशी खोली किती अंश, कार्ड किती अंश, फ्रेमला किती वेळ. दर महिन्याला एक ओळ भरते. खोली आणि कार्ड यांच्यातलं अंतर मागच्या ओळीपेक्षा पाच अंशांनी वाढलं की चिमटा घेऊन बसते. आमच्याकडे हे साधारण अडीच-तीन महिन्यांनी येतं. आज दुपारी तीनची ओळ अशी आहे: खोली ३९, कार्ड ७४, क्लॉक १७५५, फ्रेम सहा मिनिटं वीस सेकंद.